शेगडी आत घेण्याआधी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात थंडीचा हिशेब पक्का असतो. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांकडे घसरू लागला, की केळीची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात, घड निसवायला वेळ लागतो. मग शेतकरी रात्री बागेला पाणी देतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो, घडांना पिशव्या चढवतो. कोणत्या आकड्याला काय करायचे, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. त्याच घरात मागच्या खोलीत झोपलेल्या पंच्याहत्तरीच्या आजोबांसाठी खोली कधी गरम करायची, याचा आकडा मात्र कुणालाच माहीत नसतो. कुणाचे तरी दात वाजू लागले किंवा वर्तमानपत्रात ‘धुळे गारठले’ अशी बातमी आली, की माळ्यावरचा हीटर खाली उतरतो. नाहीतर चुलीतले निखारे घमेल्यात घालून आत येतात.

जगात काही ठिकाणी हा निर्णय सरकार घेते. बीजिंगमध्ये घरे गरम करणारी सार्वजनिक यंत्रणा साधारणपणे १५ नोव्हेंबरला सुरू होते. रशियात सलग पाच दिवस सरासरी तापमान आठ अंशांच्या खाली राहिले, की इमारतींना गरम पाणी सोडले जाते. आपल्याकडे तशी यंत्रणा नाही आणि तिची गरजही नाही, कारण खानदेशातली खरी थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. पण म्हणूनच इथली घरे थंडीसाठी बांधलेली नसतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना तोंड देणाऱ्या जळगावात घर बांधताना डोक्यात उन्हाळाच असतो.

थंडी इथे पडते ती रात्री, आणि झपाट्याने. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि ती अडवायला ना ढग असतात, ना हवेत पुरेशी वाफ. त्यात उत्तरेकडून गार वारे येतात. दुपारी अठ्ठावीस-तीस अंश आणि पहाटे आठ-नऊ अंश, असा वीस अंशांचा फरक डिसेंबर-जानेवारीत नवा नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा तर काही पहाटे पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. दुपारी सदऱ्यावर फिरणाऱ्या माणसाला पहाटेच्या गारठ्याचा अंदाज येत नाही, तो यामुळेच.

घराच्या आत किती गारठा शिरेल, हे छतावर ठरते. जुनी धाब्याची घरे, म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि लाकडावर मातीचा थर दिलेले छत, दिवसाची ऊब बराच वेळ धरून ठेवत. सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब देतो आणि नंतर गार पडत जातो. पत्र्याच्या घरात तर आत-बाहेर फारसा फरकच उरत नाही. त्यामुळे शेजारच्या घरात हीटर लागला की नाही, यावरून आपल्या घराचा निर्णय घेण्यात अर्थ नाही. खोलीतला तापमापक भिंतीवर किंवा खाटेच्या उंचीवर, खिडकीपासून दूर ठेवावा आणि पहाटे पाचला वाचावा. मोबाइलवर दिसणारे तापमान बाहेरचे असते. झोपलेल्या माणसाचा संबंध खोलीतल्या तापमानाशी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश असावे, असे त्यात म्हटले आहे. वृद्ध, लहान मुले आणि हृदय-फुप्फुसांचे आजार असलेल्यांसाठी त्याहून थोडे अधिक लागू शकते. हा आकडा उष्ण प्रदेशासाठी बेतलेला नाही, पण खानदेशातल्या डिसेंबरच्या पहाटेसाठी तो खूण म्हणून वापरायला हरकत नसावी. उन्हाला सरावलेल्या माणसाला गारठा लवकर बाधतो, उशिरा नाही.

सरकारी इशाऱ्याची वाट पाहू नये, याचेही कारण आहे. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट म्हणतात. पारा चार अंशांवर आला, तर सरासरी पाहण्याचीही गरज नसते. ही व्याख्या हवेसाठी आहे, आजोबांसाठी नाही. भारतातल्या मृत्यूंच्या देशव्यापी नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कडाक्याच्या थंडीपेक्षा सौम्य थंडीच्या वाट्याला कितीतरी अधिक मृत्यू आले, आणि पक्षाघातात हे विशेष ठळक दिसले. कारण साधे आहे. कडाक्याचे दिवस मोजके असतात, सौम्य थंडीचे पुष्कळ; आणि त्या पुष्कळ दिवसांत कुणी स्वेटरसुद्धा काढत नाही.

गारठ्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली उष्णता राखण्यासाठी शरीर हे करते, पण त्याने रक्तदाब वाढतो, हृदयाला जोर लावावा लागतो आणि रक्तही काहीसे घट्ट होते. उन्हाळ्यात एका गोळीवर नीट राहणारा रक्तदाब हिवाळ्यात वर जातो, तो अनेकदा यामुळे. म्हणून थंडीच्या सुरुवातीलाच तो एकदा मोजून घ्यावा. पहाटे गरम अंथरुणातून उठून थेट गार मोरीत किंवा अंगणातल्या संडासात जाणे, ही हृदयरोग्याच्या दिवसातली जोखमीची वेळ. शिवाय वय वाढते तशी थंडीची जाणीवच बोथट होत जाते. ‘मला नाही वाजत थंडी’ असे आजी म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नाही, तिला खरेच कळत नसते. तिच्या पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागत असेल, तर तिच्या म्हणण्यावर जाऊ नये.

तेव्हा धडधाकट माणसांच्या घराने गोधडी, कानटोपी, पायमोजे आणि रात्री बंद खिडकी एवढ्यावर हिवाळा काढावा. हीटरचा खर्च त्यांना नको. जिथे नवजात बाळ, वृद्ध, हृदयरोगी किंवा दम्याचा रुग्ण आहे, तिथे पहाटेचे तापमान सलग दोन-तीन दिवस १८ च्या खाली दिसले, की ती एक खोली गरम करायला सुरुवात करावी. सगळे घर गरम करण्याची गरज नाही. बहुतेक वर्षी हा दिवस वर्तमानपत्रातल्या मथळ्याच्या बराच आधी येतो.

विजेच्या हीटरबद्दल एक समज घट्ट आहे, की तो खोलीतला ऑक्सिजन खातो. विजेच्या हीटरमध्ये काहीही जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपण्याचा प्रश्नच येत नाही. हवा गरम झाली की ती अधिक कोरडी भासते, नाक-घसा सुकतो, आणि त्यालाच लोक ‘गुदमरणे’ म्हणतात. खोलीत हीटरपासून लांब पाण्याचे पातेले ठेवले तरी थोडा फरक पडतो. हीटरचा खरा धोका आगीचा आहे. दोन हजार वॅटचा हीटर मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला, तर वायर तापून वितळते. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट हवा आणि गोधडी, मच्छरदाणी, पडदा यांच्यापासून किमान तीन फूट अंतर हवे. लाल तारांच्या हीटरपेक्षा तेल भरलेला हीटर सावकाश तापतो, पण अधिक सुरक्षित. खर्चाचे म्हणाल, तर दोन हजार वॅट सलग चालले तर तासाला दोन युनिट. झोपण्याआधी तासभर आणि उठण्याआधी तासभर चालवला, तरी बऱ्याच घरांत भागते.

आणि आता शेगडी. कपाशी निघाली की शेताशेतात पऱ्हाटीचे ढीग लागतात, तुराटी असतेच, गोवऱ्याही असतात. अंगणातली शेकोटी, बांधावरची भरीत पार्टी यांत काहीच वावगे नाही. वर मोकळे आभाळ असते. अडचण सुरू होते ती ज्वाळा विझल्यावर. ‘आता धूर नाही, नुसते निखारे आहेत’ असे म्हणून घमेले आत येते आणि दार लावले जाते. धूर नसलेला लालभडक निखारा लोकांना निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात कार्बन मोनॉक्साइड हा वायू निखाऱ्यातूनच भरपूर निघतो, आणि वर राख साचून त्याला हवा कमी पडू लागली की आणखी. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. धूर निदान माणसाला खोलीबाहेर काढतो.

रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवते. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, पाय लटपटतात. जागा माणूस निदान उठून दार उघडू शकतो. झोपलेल्याला ही लक्षणे कळतच नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत बेशुद्धावस्थेत सापडले आणि कुणीच वाचले नाही, त्यांत चार मुले होती. थंडी फार म्हणून गॅसचा हीटर लावून त्यांनी दारे-खिडक्या बंद केल्या होत्या. शिकली-सवरलेली, जग पाहिलेली माणसे होती ती. न्हाणीघरातला गॅस गिझर हाच धोका वेगळ्या रूपात आणतो: खोली लहान, झरोका थंडीमुळे बुजवलेला, आणि आंघोळ लांबलेली.

सर्वात काळजीची जागा आहे बाळंतिणीची खोली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, फटींत कापड कोंबलेले, बाजेखाली शेगडी आणि तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप. शेक देण्यामागची माया खरी आहे आणि बाळंतिणीला उबेची गरज असते हेही खरे. पण बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा दुपटीहून जलद चालतो, म्हणजे खोलीतले जे काही हवेत आहे ते त्याच्या वाट्याला अधिक येते. गरोदर बाई त्या खोलीत झोपत असेल, तर पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू निघून जायला आईच्या रक्तापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. दार उघडे ठेवून, माणसे जागी असताना, थोडा वेळ शेक घेतला आणि निखारे बाहेर नेले, तर आजीचेही समाधान राहील. रात्री मात्र शेगडी खोलीत नको, एक निखारासुद्धा नको.

बाळाची ऊब आईच्या अंगातून मिळते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू माता’ पद्धत. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर लगेच सुरू करावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. आई थकली, तर वडील किंवा आजीही बाळाला असे घेऊ शकतात. बाळाला ऊब पुरते का, हे हाताने कळते. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार लागले, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. बाळाच्या डोक्यावर दोनशे वॅटचा बल्ब टांगण्याची युक्ती सोडून द्यावी. रुग्णालयातल्या यंत्राला बाळाच्या त्वचेचे तापमान कळते, बल्बला कळत नाही.

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक गोष्ट दिसते. रोज शेगडीजवळ पाय पसरून बसणाऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी-काळे डाग पडतात. ती त्वचा हळूहळू भाजत असल्याची खूण आहे. मधुमेहाने पायांची संवेदना गेली असेल, तर गरम पाण्याच्या पिशवीनेही पाय भाजतो आणि फोड दिसेपर्यंत कळत नाही. पिशवी अंथरुणात आधी ठेवावी आणि झोपताना काढून घ्यावी.

सकाळी शेगडीच्या खोलीतले एकापेक्षा अधिक लोक डोकेदुखी, उलटी, गुंगी घेऊन उठले, तर ते पित्त समजू नये. दार उघडून सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणावे. आणायला जाणाऱ्यानेही आत रेंगाळू नये. कांदा हुंगवणे, लिंबूपाणी पाजणे यात वेळ जातो. १०८ ला फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेले भासते आणि माणूस बेशुद्ध असतानाही तो ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. पण ऑक्सिजन लावायचे डॉक्टरच्या मनात यायला हवे, आणि बेशुद्ध म्हाताऱ्याकडे पाहून पक्षाघाताचीच शंका आधी येते. म्हणून सोबत जाणाऱ्याने कागदपत्रे शोधण्याआधी, विचारले नाही तरी, पहिले वाक्य हेच सांगावे: रात्री खोलीत शेगडी होती आणि दार बंद होते.