काठी, चेंडू आणि पावसाळी सुट्टीतला एक तास

पावसाळ्यात सुट्टी आली की घरातली मंडळी विचारतात, "आज काय बेत?" आणि आपण भज्यांचं पीठ भिजवायला घेतो. सुट्टी त्यांची, काम आपलं. लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली देशभर केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. बाईचे हे जवळजवळ पाच तास झाले. अशा दिवसातून एक तास खेळायला काढला तर काय खेळता येईल, ते आज सांगणार आहोत.

खेळाचं नाव मिनी गोल्फ. मोठा गोल्फ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. त्याला मैलोगणती हिरवळ लागते. आमच्या नवी मुंबईत खारघरला सिडकोचं असं मैदान आहे. तिथे चेंडू काठीने दूर उडवतात आणि शेवटी हळूच ढकलून खड्ड्यात घालतात. मिनी गोल्फमध्ये फक्त हे शेवटचं ढकलणं असतं. चेंडू उडवायचा नाही, जमिनीवरून घरंगळत न्यायचा. त्यामुळे हा खेळ छपराखालीही खेळता येतो आणि पावसाची अडचण होत नाही.

या खेळाशी बायकांचं नातं जुनं आहे. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं मोठं ठिकाण. बाईने काठी खांद्याच्या वर उगारणं तेव्हा तिथे शोभणारं मानत नसत. म्हणून १८६७ साली तिथल्या बायकांनी आपलं वेगळं मंडळ काढलं आणि चेंडू फक्त ढकलायचा असं छोटं मैदान मिळवलं. जमीन इतकी उंचसखल, की त्या मैदानाला नाव पडलं 'हिमालय'! ते मंडळ आजही चालू आहे. पुढे अमेरिकेत बोगदे, पूल, पवनचक्क्या असे अडथळे घालून हा खेळ १९३० च्या सुमारास घराघरांत माहीत झाला.

गेल्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आम्ही रबाळ्याच्या आठ जणी हा खेळ पाहायला निघालो. बाहेर धो धो पाऊस. ट्रान्स हार्बरची लोकल धरली आणि एका मॉलमधल्या बंदिस्त जागेत पोहोचलो. तिकीट माणशी होतं. गटाच्या बचतीला हात न लावता ज्याचे त्याने पैसे दिले. घरचं जेवण त्या दिवशी कुणाच्या नवऱ्याने, तर कुणाच्या मुलाने केलं. आमच्यातल्या एक मावशी सासष्ट वर्षांच्या. दारातच म्हणाल्या, "या वयात मी काठी घेऊन नाचू होय?" तासाभराने त्याच नऊ खड्ड्यांचा हिशेब बोटांवर मोजत होत्या आणि वहिनींना सांगत होत्या, "तुझे एकतीस, माझे अठ्ठावीस."

आता नियम. खड्डे नऊ किंवा अठरा असतात. प्रत्येक खड्ड्याला किती टोले लागले ते लिहायचं. ज्याचे टोले सर्वांत कमी, तो जिंकला. सहा टोल्यांत चेंडू गेला नाही, तर सात लिहून पुढे जायचं. त्यामुळे कुणी एकीच जागी अडकून पडत नाही.

पाय खांद्यांइतके फाकवून उभं राहा. दोन्ही हात काठीवर जवळजवळ धरा. मनगट हलवू नका. खांद्यापासून काठी घड्याळाच्या लंबकासारखी झुलवा. सुरुवातीला सगळ्यांचाच टोला जोरात बसतो, म्हणून अर्ध्याच जोराने मारा. वाट वाकडी असेल तर कॅरम आठवा. स्ट्रायकर कडेला ज्या कोनात आपटतो त्याच कोनात परततो, चेंडूचंही तसंच. आणि जमीन उतरती असेल तर शेतातली नजर लावा. इथे पाणी ओतलं तर कुठे वाहील? चेंडू तिकडेच वळणार.

तिकीट काढून शहरात जायलाच हवं असं नाही. गावातल्या समाजमंदिरात किंवा शाळेच्या पडवीत हा खेळ मांडता येतो. जुन्या सतरंज्या लांब अंथरा. दोन्ही बाजूंना विटा किंवा बांबू लावा. खड्डा म्हणून डबा आडवा ठेवा. खऱ्या गोल्फचा खड्डा सव्वाचार इंच रुंद असतो, तेवढं तोंड पुरे. तळ कापलेली बादली आडवी केली की बोगदा झाला. सतरंजीखाली पाट सरकवला की चढ. चेंडू छोटा रबरी घ्या. काठी नसेल तर मोडक्या छत्रीची वाकडी मूठ खाली करून धरा. दोन गोष्टी पाळा. फरशी ओली असेल तर आधी पुसून घ्या, आणि काठी गुडघ्याच्या वर उचलायची नाही, म्हणजे शेजारणीला लागणार नाही.

श्रावणातल्या मंगळागौरीला आपण फुगडी, झिम्मा, पिंगा खेळतो. ते खेळ जपायलाच हवेत. पण फुगडीला गुडघे साथ देत नाहीत अशा कितीतरी जणी आहेत. आणि नवरा नसलेल्या, टाकलेल्या मैत्रिणींना अजूनही कित्येक घरी मंगळागौरीचं बोलावणं जात नाही. मिनी गोल्फला धावावं लागत नाही, ताकद लागत नाही आणि कुंकू आहे की नाही हे कुणी विचारत नाही. सासू, सून, नात एकाच डावात खेळू शकतात.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक पावसाळी सुट्टी ठरवा. कुणी सतरंज्या आणायच्या, कुणी डबे, हे वाटून घ्या. आणि त्या दिवशी घरचा चहा कोण करणार, हेही आदल्या रात्रीच घरात ठरवून टाका. टोल्यांची नोंद गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर करा. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.