औद्योगिकीकरण आणि भूमिहीनांची मुले

विकसनशील देशात कारखाने वाढले की दारिद्र्य आपोआप हटते, असा पुष्कळांचा समज आहे. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी दूर जायला नको. आपला पनवेल परिसर हेच त्याचे उदाहरण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत आणि भांडवल अपुरे आहे, हे खरे दुखणे असल्याचे दाखवून त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सुचविला. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला. 1946 सालीच कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. यंत्र हवे, पण यंत्रावरच्या माणसाचे हित सांभाळून हवे, हा त्यांचा विचार होता.

पनवेलच्या आसपास रसायनी, तळोजा, पाताळगंगा येथे कारखाने उभे राहिले. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी भातशेती व मिठागरे संपादन होऊ लागली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाचजण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. परंतु भूखंडाचे माप गेलेल्या जमिनीवरून ठरते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराचे कामही गेलेच. मात्र त्याचे नुकसान या मापात बसत नाही. म्हणून त्याच्या मुलांना नव्या उद्योगात काम मिळणे, हीच त्याची खरी भरपाई होय.

इथे दुसरी अडचण येते. 1989 साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जुन्या गोदीत हमालांच्या टोळ्या एकेक गोणी उतरवीत. कंटेनरमुळे शेकडो गोण्यांचा माल क्रेन एकाच वेळी उचलते. हमाल कमी लागतात. क्रेनचालक, फिटर, इलेक्ट्रिशियन, संगणक जाणणारे लागतात. थोडक्यात, काम असते, पण ते हुन्नर असलेल्यालाच मिळते.

मिळालेले कामही कायमचे नसते. रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना अनेक कुटुंबांचा आधार होता. तोट्यामुळे 2017 साली तेथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय झाला. अवकाश संशोधनाला लागणारे रॉकेट इंधनाचे रसायन बनविणारा विभाग मात्र इस्रोकडे देण्याचे ठरले. ज्या तंत्राची देशाला गरज होती, तेवढेच टिकले.

आता नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 मध्ये विमानसेवा सुरू झाली आहे. तेथे आपली मुले केवळ कंत्राटी झाडूकामात दिसणार, की विमानदुरुस्ती, विद्युत व मालवाहतूक विभागातही दिसणार?

विद्यार्थ्यांनी दहावीनंतर आय.टी.आय.चा मार्ग कमी प्रतीचा मानू नये. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मोठ्या आस्थापनांना उमेदवार घ्यावे लागतात व विद्यावेतन द्यावे लागते. त्यासाठी अर्ज करावा. कंत्राटी काम मिळाले तरी वेतनचिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा. समाजातील नोकरदारांनी भरतीची माहिती वेळेवर वस्तीपर्यंत पोचवावी. जमीन आपल्या वाट्याला आली नाही. तंत्रज्ञान तरी हातचे जाऊ देता कामा नये.