हाक पोचेल असं नाव

गेल्या वैशाखात आमच्या घरी चुलतभावाचं लग्न झालं. नवरीने माप ओलांडलं आणि लक्ष्मीपूजनासाठी पितळी ताट मांडलं गेलं. ताटात आमच्याच खाचरातले तांदूळ होते, हाताने सपाट केलेले. चुलतभावाने बोटातली अंगठी काढली आणि तिच्या कडेने तांदळावर तीन अक्षरं ओढली. पेढे वाटायचं काम माझ्याकडे होतं. उंबऱ्यापाशी उभ्या उभ्या ती अक्षरं मी वाचली. सकाळी जे नाव घेऊन ही मुलगी घरातून निघाली होती, ते संध्याकाळी उरलं नव्हतं. कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. बायकांनी नव्या नावाचं कौतुक केलं, पेढे संपले, ताटातले तांदूळ डब्यात गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाव बदलणं इतकं सोपं असेल, तर माझंच का अडून बसलंय?

माझं गाव मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या काठचं. रोजचं काम शहापूरला. मी नॉन-बायनरी आहे. म्हणजे ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या दोन खणांपैकी एकाही खणात मी पुरतं मावत नाही. पाळण्यात ठेवलेलं माझं नाव मात्र एका खणाचं आहे. दोन्ही खणांबाहेर उभं राहू शकेल अशा नावाचा माझा शोध दोन वर्षं चालू आहे. त्यात हाती लागलेलं इथे मांडायचं आहे. आपल्या आसपास असं आणखी कुणी नक्की असेल.

नामांतराचा जुना रिवाज

सगळे म्हणतात, नाव कुठे बदलायचं असतं का? पण आपल्याइतकी नावं कुणी बदलली असतील, असं मला वाटत नाही. लग्न झालेल्या कितीतरी बायकांचं नाव तांदळात बदललं. आदिवासी पाड्यांवर जन्मवारावरून नावं ठेवायची रीत होती: सोम्या, मंगळ्या, बुधी. पोर शाळेत गेलं की गुरुजींनी हजेरीपटासाठी त्याला ‘चांगलं’ नाव दिलं आणि जन्मतारीख लिहिली १ जून. साताऱ्यात मुलगी नको म्हणून ‘नकुशी’ नाव पडलेल्या २८५ मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर समारंभात नवी नावं मिळाली. हिजडा समाजात गुरू चेल्याला नवं नाव देतो. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींच्या नावात तर देवी आणि देव दोघंही शेजारी नांदतात.

माझ्या आजीचंही नाव लग्नात बदललं. परवा मी विचारलं तेव्हा माहेरचं नाव तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. भाऊ होता तोवर तो त्या नावाने हाक मारायचा. तो गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडी नाही. “लिहू नको कुठं,” ती म्हणाली, “माझ्यापाशीच राहू दे.”

नाव बदलणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. बदल होतो, पण अंगठी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात असते. ती आपल्या हातात घ्यायची, एवढीच माझी मागणी आहे.

तीन माणिक, एक किरण

दोन्हीकडे चालणारी नावं मराठीत कमी नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. आणि गायिका माणिक वर्मा. हे तिघे एकाच नावाचे आणि त्या नावाने कुणाचंही काही अडलं नाही. सुहास पळशीकर राजकारणाचे अभ्यासक, सुहास जोशी अभिनेत्री. मधु दंडवते रेल्वेमंत्री, मधु कांबीकर लावणी गाजवणाऱ्या कलावंत. स्नेहल, शीतल, शशी हीसुद्धा त्याच पंगतीतली.

किरणची गोष्ट जर्मनीपर्यंत पोचली. तिथे एका भारतीय वंशाच्या कुटुंबाने मुलीचं नाव किरण ठेवलं. या नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, असं सांगून नोंदणी कार्यालयाने ते नाकारलं. प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल लागला: नावातून लिंग कळलंच पाहिजे असं बंधन घालता येणार नाही. ज्या नावासाठी परदेशात सर्वोच्च पातळीवर भांडावं लागलं, ते आपल्याकडे गल्लोगल्ली आहे.

माझ्या भागातली माती-पाणीही मी धुंडाळली. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवालांबरोबर हुतात्मा झालेले हिराजी पाटील. आणि गाण्यातल्या हिराबाई बडोदेकर. हिरा तोच, शेवट तेवढा वेगळा. उल्हास हे पुरुषाचं नाव, पण आमची उल्हास मात्र ‘ती’ नदी. काळू नदीही ‘ती’, आणि तमाशात गाजलेल्या काळू-बाळूंच्या जोडीतला काळू ‘तो’. पावसाळ्यात माळशेजच्या डोंगरांतून उतरणारी काळू पाहताना या नावाचा मोह मला फार झाला होता. पण त्याच नावाने रंगावरून चिडवलेली माणसंही माझ्या ओळखीची आहेत. म्हणून ते बाजूला ठेवलं.

नावाचं शेपूट

शहरात बसून निवडलेलं नाव गावात तसंच राहत नाही. गाव त्याला शेपूट लावतं. किरण मुलगा असेल तर किरण्या, मुलगी असेल तर किरणी. सोमवारी जन्मलेला सोम्या, जन्मलेली सोमी. वार दोघांचा एकच, लिंग शेपटात. म्हणजे नाव कितीही मोकळं निवडलं तरी पारावरची पहिली हाक ते पुन्हा खणात टाकणार.

आइसलँडमध्ये हीच अडचण आडनावात होती. तिथे वडिलांच्या किंवा आईच्या नावाला ‘चा मुलगा’ किंवा ‘ची मुलगी’ अशा अर्थाचा प्रत्यय जोडून आडनाव होतं. २०१९ च्या कायद्याने पहिल्या नावावरचं लिंगाचं बंधन तिथे निघालं आणि ज्यांची नोंद दोन्हींत नाही त्यांच्यासाठी तिसरा प्रत्यय खुला झाला: ‘बुर’. अर्थ, लेकरू.

मराठीत असं शेपूट आधीपासून आहे. ते म्हणजे ‘ऊ’. सोनू, मनू, छकू, पिंकू. मुलगा असो वा मुलगी, माया दाटून आली की आपण ‘ऊ’ लावतो. पंढरीच्या विठ्ठलाचाही विठू होतो, आणि त्याच विठूला आपण माउली म्हणतो. ज्ञानेश्वरही माउली. दिंडीत तर प्रत्येक जणच माउली. “माउली, पाणी घ्या,” असं म्हणताना समोरच्याचं लिंग विचारायची गरज पडत नाही.

‘मी’ला लिंग नाही, क्रियापदाला आहे

मराठीत खरी अडचण नावाच्या पुढे सुरू होते. ‘मी’ म्हटलं की लिंग कळत नाही, पण ‘जातो’ की ‘जाते’, ‘आलो’ की ‘आले’, इथे तोंड उघडताच कौल द्यावा लागतो. अरे आणि अगं यांचंही तेच. तरी वाटा आहेत. भविष्यकाळात ‘मी येईन’ सगळ्यांचं सारखंच. ‘मी भाकरी खाल्ली’ यात क्रियापद भाकरीच्या मागे जातं, माझ्या नाही. ‘मला वाटतं’, ‘मला जायचंय’, ‘माझं काम झालं’, सगळं मोकळं. ‘आम्ही निघालो’ बायकाही म्हणतात, पुरुषही. हा लेख सुरुवातीपासून याच वाटांनी आला आहे.

मराठीला तिसरं लिंगही आहे. नपुंसकलिंग हा शब्द कानाला बोचतो, कारण तो शिवीसारखा वापरला गेला. पण त्या लिंगात काय काय आहे ते पाहा: बाळ, मूल, लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू. गोव्याच्या कोंकणीत तरुण मुलीसाठीचा ‘चेडूं’ हा शब्दही त्याच लिंगातला. मोठ्या माणसाला ‘ते आलं’ म्हटलेलं काहींना कमीपणाचं वाटतं आणि तेही समजण्यासारखं आहे. ज्याचं त्याला विचारावं. आमची आजी मात्र मी दारात दिसताच अजूनही म्हणते, “लेकरू आलं गो.” तेवढ्या तीन शब्दांत मी पुरतं मावतं.

कागदावरचं नाव

आता व्यवहाराचं. नाव आणि लिंग या कागदावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त नाव बदलायचं असेल तर लिंगाचा दाखला लागत नाही. कुठल्याही सज्ञान व्यक्तीला महाराष्ट्र शासन राजपत्रात नावातला बदल प्रसिद्ध करून घेता येतो. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे जातो. राजपत्राची ती प्रत हाती आली की आधार, पॅन, बँक, सगळीकडे तीच दाखवायची.

लिंगाची नोंद बदलणं हा दुसरा रस्ता. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. संसदेने २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, तेव्हा त्याच्या व्याख्येत ‘जेंडरक्विअर’ (दोन्ही खणांबाहेरची माणसं) हा शब्दही घातला आणि ओळखीचा दाखला देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवलं. शहापूर-मुरबाडच्या माणसासाठी ते ठाण्याचे जिल्हाधिकारी. कायदे आणि नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या दिवशीचा नियम वाचावा. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ माणसांची नोंद झाली, महाराष्ट्रातून ४०,८९१. त्या एका रकान्यात किती तऱ्हेची माणसं दाटीवाटीने बसली असतील!

आणखी एक चांगली गोष्ट. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवला. वर्षानुवर्षं न हललेली नावाची रचना हलू शकते, याचा हा पुरावा.

बांधावरून

यादी दोनवर आली: किरण आणि माणिक. आषाढात भातलावणीच्या दिवसांत ती मी आजीला सांगितली. का, कशासाठी, हे तिने विचारलं नाही. “बांधावरनं हाक मारून बघते,” म्हणाली. “पोचंल तेच नाव.”

आवणाच्या मुठी घेऊन मी पार खालच्या खाचरात. पाऊस भरात, पलीकडे ओढ्याचा आवाज. आजीने डोक्यावरचं इरलं मागे सारलं. पहिली हाक आली, “किरऽण.” ती पावसातच विरली. मग बराच वेळ काही नाही. ती तोंडातल्या तोंडात नाव घोळवत असावी. नंतर हाक आली ती यादीतली नव्हती. शेपूट तिने आपलं आपण लावलं होतं.

“माणकूऽऽ!”

राजपत्राचा अर्ज अजून भरायचा आहे. पण त्या हाकेला मी ओ दिली.