टेंभलीचा आधार आणि धडगावची रेंज

कोरोनामुळे बंद असलेले ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, त्या राज्य सरकारच्या हुकुमाचे स्वागत होणे उचितच होते. परंतु त्याच हुकुमाने पहिली ते चौथीच्या मुलांना घरीच ठेवले होते, आणि नंदुरबारच्या पाड्यांवर ‘घरी शिकणे’ म्हणजे काय, याचा विचार मुंबईच्या दप्तरी झाला असेल असे मानावयास मन धजत नाही.

याच जिल्ह्यातील शहादे तालुक्यात टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले होते. ज्या सरकारास आदिवासींच्या बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा दूरच्या संगणकात सुखरूप नेऊन ठेवता आल्या, त्यास त्याच वाटेने बालभारतीचा एक धडा सातपुड्यात उलट धाडता येऊ नये, यात तंत्राचा दोष थोडा आणि इच्छेचा फार, असे माझे मत आहे.

‘असर’च्या २०२० च्या शैक्षणिक पाहणीत देशातील ग्रामीण शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला, एवढ्यावर ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचाचे दुवे व्हॉट्सॲपवर टाकून शिक्षण पोहोचल्याची नोंद करणे सोपे होते. पण अक्कलकुवा-अक्राणी (धडगाव) भागातला बाप दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीस निघतो तेव्हा घरातला एकुलता फोन त्याच्या खिशातून जातो. तो मागे राहिलाच तर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि नर्मदेवरील धरणाच्या फुगवट्याकाठी तर काही पाड्यांना होडीवाचून रस्ताच नाही.

याहून मोठी अडचण भाषेची आहे, आणि तिची चर्चा जवळजवळ झालीच नाही. पावरी किंवा भिली बोलत पहिलीत आलेले मूल मराठी शिकते ते गुरुजींचा चेहरा, हातवारे आणि वर्गातल्या थोरल्या मुलांची मध्यस्थी यांच्या बळावर. चित्रफितीला त्याचा गोंधळ दिसत नाही, की त्याच्या बोलीत एक शब्द उसना घेऊन समजावता येत नाही. ज्यांनी ओट्यावर, झाडाखाली चार-चार पोरे जमवून शिकवले, त्या शिक्षकांनीच शाळाबंदीचे ते दीड वर्ष थोडेफार वाचवले.

२०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के आणि नंदुरबार जिल्ह्याची ६४.४, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. म्हणूनच सरकारने जिल्हाधिकाऱ्यांना मुखत्यारी देऊन, जेथे रेंज नव्हती आणि पटावर मोजकीच मुले होती, त्या पाड्यांवरचे पहिली ते चौथीचे वर्ग शहरांची वाट न पाहता सर्वांआधी उघडायला हवे होते.