पंखा इंजिनाचा की होडीचा?

लांजा म्हटलं की लोकांना महामार्ग आठवतो, फार तर फणस. मासेमारी कोणाला आठवत नाही आणि त्यात त्यांची चूकही नाही, कारण आमच्या तालुक्याला समुद्रकिनाराच नाही. पण माचाळच्या डोंगरात उगम पावणारी मुचकुंदी नदी तालुक्यातून वाहत साटवलीकडे येते. तिथून खाली तिची खाडी होते आणि पूर्णगडाशी ती समुद्राला मिळते. साटवली एकेकाळी बंदर होतं. या खाडीच्या खालच्या अंगाला चालणारी, मागं लहान आउटबोर्ड इंजिन लावलेली एक मासेमारीची होडी डोळ्यांसमोर आणा. आजचा प्रश्न तिचा आहे: हिला पंखा कुठला बसवायचा?

पंखा म्हणजे प्रोपेलर. पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांना हा प्रश्न मिस्त्रीचा वाटेल. पण "योग्य" हा शब्द मोजता येईल असा कसा करायचा, हे शिकायला इतकं स्वस्त उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

आधी पंख्यावरचे आकडे वाचू. त्यावर किंवा त्याच्या मधल्या भागावर "९ १/४ × १०" असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, म्हणजे सव्वानऊ इंच. दुसरा पिच, दहा इंच. पिच समजायला लाकडात स्क्रू पिळून बघा. एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू जितका आत जातो तितकी त्याची पिच. पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर हा पंखा एका फेऱ्यात दहा इंच पुढं गेला असता. पाणी मागं सरकतं, म्हणून तो तेवढा जात नाही. ही तूट म्हणजे स्लिप.

इथं एक गैरसमज पक्का बसलेला असतो, की स्लिप म्हणजे निव्वळ नुकसान आणि ती शून्यावर आणली पाहिजे. तसं नाही. पंखा पाण्याला मागं ढकलतो म्हणूनच होडी पुढं जाते. पाणी मागं सरकलंच नाही तर जोर कुठून येणार? प्रश्न स्लिप किती आहे आणि कशामुळे आहे, एवढाच असतो.

आता हिशोब. समजा इंजिन ९.९ हॉर्सपॉवरचं आहे, पूर्ण थ्रॉटलला त्याचे फेरे मिनिटाला ४५०० ते ५५०० असावेत असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय आणि गिअरचं प्रमाण २.०८ आहे. म्हणजे इंजिन २.०८ वेळा फिरलं की पंखा एकदा फिरतो. सूत्र साधं आहे: पिच (इंचांत) गुणिले पंख्याचे मिनिटाचे फेरे भागिले १२१५, की स्लिप नसतानाचा वेग नॉटमध्ये मिळतो. १२१५ कुठून आला? एका सागरी मैलात ६०७६ फूट, त्याचे इंच करा आणि ६० मिनिटांनी भागा. (कुठलंही सूत्र वापरण्याआधी त्यातला विचित्र आकडा कुठून आला हे शोधायची सवय लावून घ्या.)

समजा होडीत तीन माणसं, जाळं आणि बर्फाची पेटी आहे, थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, आणि फेरे भरतात फक्त ४१००. पंख्याचे फेरे झाले १९७१. दहा इंच पिचला कागदावरचा वेग येतो १६.२ नॉट. प्रत्यक्षात होडी चालते साडेसहा नॉटनं. स्लिप ६० टक्के.

यात होडीचा दोष नाही. भरलेली, जड होडी पाणी कापत चालते, पाण्यावर तरंगत घसरत नाही. चालताना ती स्वतःच लाट उठवते आणि वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते. त्यापुढं कितीही जोर लावला तरी वेग जेमतेम वाढतो. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड यांनी लहान प्रतिकृती पाण्यात ओढून या प्रतिकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातून आलेला ढोबळ नियम असा: पाणरेषेवरच्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४. चोवीस फुटांना सुमारे साडेसहा नॉट, म्हणजे ताशी बारा किलोमीटर.

दहा इंच पिचचा पंखा बहुतेक वेळा हलक्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीसाठी असतो. इंजिनाच्या खोक्यात तोच आला, म्हणून तोच लागला. जड होडीत इंजिन त्याला पूर्ण फिरवूच शकत नाही. घाटात चौथ्या गिअरवर गाडी चढवल्यासारखं होतं ते. पेट्रोल जळतं, इंजिन कण्हतं, आतमध्ये कार्बन साठतो आणि पूर्ण ताकद कधी मिळतच नाही. म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर: पंखा होडीचा, आणि तोही भरलेल्या होडीचा. इंजिनाची कंपनी आणि हॉर्सपॉवर सांगून पंखा मागणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल मागणं.

पिच एक इंच कमी केली की पूर्ण थ्रॉटलचे फेरे साधारण १५० ते २०० नं वाढतात, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. सात इंच पिचचा पंखा लावला तर आपले ४१०० फेरे ४५५० ते ४७०० च्या दरम्यान यायला हवेत. पुस्तिकेच्या पट्ट्यात बसले. उलट पिच फारच कमी केली तर इंजिन ५५०० च्या वर पळेल, आणि तेही वाईटच.

मग व्यास? इथं खरी गंमत आहे. रँकिन यांनी १८६५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार तोच जोर मिळवायला थोडं पाणी जोरात ढकलण्यापेक्षा जास्त पाणी हळू ढकललेलं स्वस्त पडतं. आपल्या होडीला साडेसहा नॉटला ७०० न्यूटन जोर लागतो असं धरू, म्हणजे सत्तर किलो वजन उचलायला लागेल एवढा. सव्वानऊ इंची पंख्याची आदर्श कार्यक्षमता येते ६८ टक्के, पावणेबारा इंचीची ७५ टक्के. ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण मोठा पंखा पुढंच राहतो. मग सरळ मोठाच का लावत नाही? कारण इंजिनाच्या पायात जागा नसते. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते आणि पाती तिच्या खालीच फिरावी लागतात. शिवाय २.०८ च्या गिअरवर मोठा पंखा फिरवायला इंजिन पुरत नाही. जड होड्यांसाठी बनवलेल्या काही इंजिनांत गिअरचं प्रमाण २.९ च्या आसपास असतं, ती मोठा पंखा हळू फिरवतात. नवीन इंजिन घेणार असाल तर पंख्याआधी हा आकडा बघा. घेतलेलं असेल तर तुमच्या हातात मुख्यतः पिच उरते.

(त्या आडव्या पट्टीला बाजारात अँटीकॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. नाव चुकीचं आहे. ती वरून ओढली जाणारी हवा अडवते. कॅव्हिटेशन म्हणजे दाब घटून पाण्याचीच वाफ होणं, ते वेगळं.)

इथवर वाचून कोणी म्हणेल, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या बी-मालिकेचे आलेख आहेत की, १९७५ मध्ये ऊस्टरवेल्ट आणि व्हान ऊसानन यांनी त्यांची समीकरणंही दिली, त्यावरून काढू उत्तर. जरूर काढा, पण ते आलेख मोकळ्या पाण्यात, होडीशिवाय, ठरावीक आकाराच्या पात्यांवर मोजलेले आहेत. आउटबोर्डच्या पंख्याचा मधला भाग जाड असतो, अनेकदा त्यातून इंजिनाचा धूर बाहेर पडतो. म्हणून आलेखातून अंदाज घ्यायचा आणि निकाल खाडीत लावायचा.

खाडीत मोजणं हा या लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. साधनं तीन: स्पार्क प्लगच्या तारेवर गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर, मोबाइलमधलं जीपीएस आणि मापं कोरलेली पेट्रोलची बरणी. टाकीकडे बघून "एवढं गेलं" म्हणायचं नाही. दोन पंख्यांची तुलना करायची तर वजन तेच, बसायच्या जागा त्याच, बूड सारखंच साफ. पहिली चाचणी शिंपल्या चिकटलेल्या बुडावर आणि दुसरी घासलेल्या बुडावर झाली, तर तुम्ही पंखा मोजलाच नाही.

आणि प्रवाह! जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतं, पाण्यातला नाही. ओहोटीचा प्रवाह दीड नॉट असेल तर तीच साडेसहा नॉटची होडी प्रवाहाबरोबर ८ दाखवेल आणि उलट ५. म्हणून दोन्ही दिशांनी जायचं आणि वेगांची सरासरी घ्यायची, ६.५. पण बरेच जण एकूण अंतर भागिले एकूण वेळ करतात. करून बघा, उत्तर ६.१५ येतं, कारण उलट्या दिशेला होडी जास्त वेळ घालवते. फरक पाच टक्क्यांचा, आणि पंखा बदलून मिळणारा फायदाही कदाचित तेवढाच असेल. म्हणजे चुकीच्या सरासरीत अख्खा निष्कर्ष बुडू शकतो.

त्यातही प्रवाह स्थिर नसतो. समजा सारख्या अंतरानं तीन फेऱ्या मारल्या आणि वेग आले ८.०, ५.२, ७.६. पहिल्या दोनांची सरासरी ६.६. मधल्या फेरीला दुप्पट वजन देऊन चारनं भागा: ८.० अधिक १०.४ अधिक ७.६, भागिले ४, बरोबर ६.५. प्रवाह एकसारखा घटत किंवा वाढत असेल तर ही युक्ती तो पुसून टाकते.

पैशांचं काय? इंजिन ताशी ४ लिटर पितं आणि दिवसाला तीन तास चालतं असं धरा. बारा लिटर, म्हणजे लिटरला शंभर धरले तरी बाराशे रुपये, मासळी मिळो न मिळो. दहा टक्के वाचले तर दिवसाला १२० आणि वर्षाच्या १८० दिवसांना २१,६०० रुपये. पंखा काही हजारांत येतो. पण दहा टक्के हा माझा धरलेला आकडा आहे, तुमच्या होडीचा बरणीतून येईल. आणि जो आणखी स्वस्त उपाय आहे तोही सांगायला हवा: थ्रॉटल कमी करणं. लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते असं धरलं तर वेग दहा टक्के घटवल्यावर तेवढ्याच अंतराला इंधन १९ टक्के कमी लागतं, वेळ ११ टक्के जास्त. वेगमर्यादेजवळ फायदा याहूनही मोठा. ओयविंद गुलब्रँडसन यांनी एफएओसाठी २०१२ मध्ये लहान मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवर लिहिलेल्या पुस्तिकेतही वेग कमी करण्यावर भर आहे.

पण हे तांडेलाला सांगताना जपून. खाडीच्या तोंडाशी लाट फुटत असताना त्याला जोर हाताशी हवा असतो, आणि बाजाराची वेळ गाठायची असते. ते अकरा टक्के त्याच्या खिशातले आहेत, आपल्या आलेखातले नाहीत.

राहिला एक प्रश्न: जाताना होडी हलकी, येताना भरलेली, मग पंखा कोणत्या वजनाला निवडायचा? भरलेल्या वजनाला पूर्ण थ्रॉटलवर फेरे पट्ट्याच्या मध्याजवळ, म्हणजे ४८०० ते ५००० आले तर उत्तम. मग रिकामी होडी पळवून बघा. फेरे ५५०० च्या वर गेले तर लगेच पंखा बदलायची गरज नाही, जाताना थ्रॉटल थोडा मागं घ्यायचा. जुना पंखा मात्र टाकू नका. खाडीतल्या वाळूवर किंवा खडकावर पातं वाकलं, की त्या दिवशी घरी आणणारा पंखा तोच असतो.