त्रिकास्थी
त्रिकास्थी हे पाठीच्या कण्याच्या तळाशी, दोन्ही नितंबास्थींच्या मधोमध पाचरीसारखे बसलेले त्रिकोणी हाड होय. प्रौढ माणसात ते एकसंध असले तरी जन्माच्या वेळी तेथे पाच स्वतंत्र मणके असतात. त्याखालचे माकडहाडही बहुधा चार लहान मणक्यांचे बनलेले असते. म्हणूनच बालकाच्या कण्यात साधारण ३३ मणके मोजतात, तर प्रौढाच्या कण्यात २६ हाडे.

पौगंडावस्थेत प्रथम या मणक्यांचे बाजूचे भाग जुळू लागतात. पुढे साधारण १८व्या वर्षापासून मधल्या चकत्यांच्या जागी हाड तयार होते. ही जुळणी सामान्यतः खालून वर सरकते. पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमधील फट सर्वांत शेवटी, बहुधा पंचविशीच्या सुमारास, बुजते. सांगाड्यावरून वय अजमावताना न्यायवैद्यक तज्ज्ञ ती पाहतात; तथापि काहींमध्ये ती तिशीनंतरही उरते, त्यामुळे केवळ तिच्या आधारे वय ठरवणे योग्य नव्हे. उतारवयात माकडहाडही कित्येकदा त्रिकास्थीला जोडले जाते.

कधी कमरेचा पाचवा मणका त्रिकास्थीला जुळलेला, तर कधी त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहिलेला आढळतो. बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. परंतु अशा रुग्णात मणके केवळ खालून मोजल्यास भलत्याच मणक्यावर शस्त्रक्रिया होण्याचा धोका संभवतो. म्हणून संपूर्ण कण्याचे चित्र पाहून ते वरून मोजणे अधिक खात्रीचे ठरते.

पाचव्या मणक्याची मागील कमान सहसा जुळतच नाही. तेथे उरलेल्या छिद्रातून भूलतज्ज्ञ, विशेषतः लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत, कमरेखालचा भाग बधिर करण्यासाठी सुई घालतात.