‘पुनर्भरण’ हा शब्द आणि रजोनिवृत्तीवरील संप्रेरकोपचार

‘हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी’ या संज्ञेस मराठीत कोणता प्रतिशब्द योजावा, अशी पृच्छा आरोग्यविषयक पुस्तिकेचे भाषांतर करणाऱ्या एका परिचित बाईंनी प्रस्तुत लेखिकेकडे केली. ‘बदली’, ‘प्रतिस्थापन’ आणि ‘पुनर्भरण’ असे तीन पर्याय त्यांच्यापुढे होते. प्रश्न वरकरणी कोशकाराचा आहे. परंतु त्याचा शोध घेऊ लागताच असे दिसून आले की, या उपचाराविषयीची निम्मी भीती आणि निम्मी भाबडी आशा ही शब्दांतूनच उपजलेली आहे.

प्रथम मूळ संज्ञांकडे पाहू. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. त्यातील ग्रीक धातूचा अर्थ ‘चेतविणे, गती देणे’ असा आहे. आपला ‘संप्रेरक’ हा शब्द त्या अर्थाशी प्रामाणिक आहे. ‘इस्ट्रोजेन’ मात्र ‘ऑइस्ट्रोस’ म्हणजे गुरांना पिसाळविणारी गोमाशी या शब्दावरून आला. स्त्रीदेहातील एका द्रव्याला हे नाव देणाऱ्यांची दृष्टी कोणती होती, हे निराळे सांगावयास नको! १९४२ साली अमेरिकेत विक्रीस आलेले ‘प्रेमरिन’ हे औषध तर गाभण घोडीच्या मूत्रापासून तयार होई, आणि ‘प्रेग्नंट मेअर्स यूरिन’ या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडूनच त्याचे नाव बनविलेले आहे.

‘रिप्लेसमेंट’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे. जे असावयास हवे होते ते नाहीसे झाले, म्हणून ते परत भरून काढावयाचे. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टराने १९६६ च्या ‘फेमिनाइन फॉरेव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्ती हा न्यूनताजन्य रोगच ठरविला आणि इस्ट्रोजेन म्हणजे जणू तारुण्याचा पुरवठा असे चित्र उभे केले. १९७५ साली मात्र, गर्भाशय असलेल्या स्त्रीने केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे संशोधन प्रसिद्ध झाले. तेव्हापासून अशा स्त्रीस इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टोजेन देण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरा धक्का बसला तो जुलै २००२ मध्ये. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकन प्रयोगात १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना ही दुहेरी संप्रेरके व इतरांना निरौषध गोळी देण्यात येत होती. सरासरी सुमारे ५.२ वर्षांनंतर तो प्रयोग थांबविण्यात आला. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, ही वार्ता जगभर पसरली आणि असंख्य स्त्रियांनी औषध टाकून दिले. तीच माहिती दुसऱ्या वाक्यात अशी सांगता येते : निरौषध गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाकाठी सुमारे ३० जणींना हा रोग झाला, तर संप्रेरके घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. दोन्ही विधाने सत्यच आहेत. पण ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनावर त्यांचा परिणाम सारखा होईल काय? त्याच हिशेबाने पक्षाघाताचे ८, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे ८ व हृदयविकाराचे ७ रुग्ण अधिक आढळले. उलट खुब्याचे अस्थिभंग ५ ने आणि मोठ्या आतड्याचे कर्करोग ६ ने कमी झाले. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट बातमीत मागे पडली. पाळी नुकतीच थांबलेल्या, अंगाची लाही आणि रात्रीच्या घामाने झोप उडालेल्या पन्नाशीच्या स्त्रीस तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हते.

आज बहुतेक तज्ज्ञसंस्थांचे मत असे की, वय साठीच्या आत असेल किंवा पाळी थांबून दहा वर्षे उलटली नसतील, त्रास लक्षणीय असेल व अन्य अडथळा नसेल, तर लाभ सामान्यतः धोक्याहून अधिक आहे. अंगाच्या लाहीवर याहून प्रभावी औषध नाही. हाडांची झीजही त्याने रोखली जाते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा गंभीर विकार किंवा अकारण रक्तस्राव ज्यांच्या इतिहासात आहे त्यांना मात्र ते सहसा देत नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषधनियंत्रण संस्थेने या औषधांवरील चौकटीतील अनेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. सर्व शरीरावर परिणाम करणाऱ्या केवळ इस्ट्रोजेनच्या औषधांवरील गर्भाशय-अस्तराच्या कर्करोगाचा इशारा तेवढा कायम ठेवला.

आता आपल्या बोलीकडे वळू. ‘पिशवी काढली’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतो. त्यात केवळ गर्भाशय काढले, की अंडाशयेही काढली, याचा काहीच बोध होत नाही. पाळी दोन्ही प्रकारांत थांबते. परंतु अंडाशये शिल्लक असतील तर संप्रेरके पाझरत राहतात. ती गेली असतील तर तिशीतली स्त्रीही एका दिवसात रजोनिवृत्त होते, आणि अशा स्त्रीने, अडथळा नसल्यास, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके घ्यावीत असा सल्ला दिला जातो. नाहीतर हाडे आणि हृदय अकाली धोक्यात येतात. लेखिकेच्या एका आतेबहिणीची ‘पिशवी’ छत्तिसाव्या वर्षी काढली गेली. अंडाशयेही गेल्याचे तिला नऊ वर्षांनी मनगट मोडले तेव्हा समजले. इस्पितळाच्या कागदावर ते इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेले होते. मराठीत तिला कोणी सांगितले नव्हते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला व शासनाने चौकशी समिती नेमली. त्यांतील कितीतरी स्त्रिया चाळिशीच्या आतल्या होत्या.

म्हणून पृच्छकास कळविले ते असे. नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतरच्या औषधास ‘रजोनिवृत्तीवरील संप्रेरकोपचार’ म्हणावे. इंग्रजीतही आता ‘रिप्लेसमेंट’ शब्द मागे पडत आहे. अंडाशये अकाली गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत ‘पुनर्भरण’ हाच शब्द ठेवावा, कारण तेथे तो अक्षरशः खरा आहे. आणि पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर, ‘माझी अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत?’ हा डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न ठळक अक्षरांत छापावा.